पवना जलाशयाची सायकल प्रदक्षिणा: दसऱ्यानंतरच्या पहिल्या मोठ्या फेरीची तयारी

लोणावळ्याहून निघायचं, आंबी व्हॅलीच्या रस्त्याने घुसळखांबपर्यंत जायचं, तिथून पवनेच्या पाण्याकडे उतरायचं. मग मोरवे, चावसर, जवण, तिकोना पेठ करत पवनानगर गाठायचं आणि दुधिवरे खिंड चढून परत लोणावळा. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे चारही किल्ले या एका फेरीत आळीपाळीने दिसत राहतात. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं. गाडी कुठे लावता आणि पाण्याकडे किती वेळा आत वळता, त्यावर ते थोडं कमीजास्त होतं.

रोज दहा-बारा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाला सहा आठवड्यांच्या तयारीत ही फेरी नक्की जमते. ज्यांची फेरी अर्धवट राहते, त्यांचे पाय बहुतेक वेळा शाबूत असतात. पावसाळाभर गॅलरीत पडलेली सायकल तशीच काढून आणलेली असते, तिचे ब्रेक किंवा चेन दगा देतात. किंवा माणूस उशिरा निघतो आणि दुपारच्या उन्हात खिंडीच्या पायथ्याशी पोचतो. म्हणून खाली सायकलीवर आणि वेळेवर जास्त लिहिलं आहे.

कधी जायचं

पुणे परिसरातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो, पण परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह कोसळू शकतो. धरणाच्या काठावर, उघड्या माळावर विजा सुरू झाल्या तर आसरा सापडत नाही. त्यामुळे नवशिक्यांनी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरअखेर हा काळ धरावा. तेव्हा धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे-पिवळे असतात, सोनकी सरत आलेली असते आणि पहाटे हवेत गारवा असतो.

याच दिवसांत मावळात भातकापणी चालते. इंद्रायणी भाताच्या पेंढ्यांनी भरलेले ट्रॅक्टर समोरून येतात, काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घालू नका. वर्षभराचं धान्य असतं ते, शिवाय पेंढ्यावरून पुढचं चाक सहज सरकतं.

शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर भुशी धरण ते लायन्स पॉइंट हा रस्ता गाड्यांनी भरतो. सुट्टीच्या दिवशीच जायचं असेल तर साडेनऊच्या आत घुसळखांब मागे पडलं पाहिजे.

कोणत्या दिशेने

घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे लोणावळा, घुसळखांब, तिकोना पेठ, पवनानगर, लोणावळा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने पाणी सतत तुमच्या बाजूला राहतं आणि फोटोसाठी थांबताना रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: लायन्स पॉइंटपर्यंतचा मोठा चढ गारव्यात आणि मोकळ्या रस्त्यावर होऊन जातो.

या दिशेची एक किंमत आहे. दुधिवरे खिंड शेवटी येते, पाय दमलेले असताना आणि ऊन डोक्यावर असताना. तिच्यासाठी पाणी आणि ताकद राखून ठेवावी लागते.

मुंबई किंवा पुण्याहून लोणावळ्यापर्यंत सायकलनेच येणार असाल तर जुन्या महामार्गाने या. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. पण पहिल्याच वेळी तेवढं अंतर जोडू नये. सायकल गाडीवर लादून आणा आणि फेरी लोणावळ्यातूनच सुरू करा.

चार आठवडे आधी: सायकल उघडून बघा

गिअरची कोणतीही धड सायकल चालेल. हायब्रिड सगळ्यात सोयीची, कारण टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असतो आणि खड्ड्यांत हात कमी बधिर होतात. रोड बाइकला २८ पेक्षा बारीक टायर असेल तर पावसाने उखडलेल्या पट्ट्यांवर ट्यूब चिमटण्याची भीती राहते. बिनगिअरच्या सायकलने ही फेरी पहिल्यांदा करू नका.

चेनपासून सुरुवात करा. पावसाळ्यात दमटपणाने कड्यांच्या आत गंज धरतो, वरून तेल घातलं तरी कडी मोकळी होत नाही. पेडल उलटं हळूहळू फिरवा आणि मागच्या डिरेल्युअरमधून (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागातून) जाणारी प्रत्येक कडी बघा. एखादी कडी सरळ न होता टुणकन उडत असेल तर ती अडकलेली आहे. आता झीज मोजा. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा आणि ती पिन न मोजता पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, म्हणजे बारा पूर्ण जोड्या, मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ३०६.५ च्या आसपास गेलं तर चेन बदलायला झाली, ३०८ च्या जवळ असेल तर मागचे दाते खाल्ले गेलेले असण्याचीच शक्यता जास्त. झिजलेली चेन सपाटीवर तक्रार करत नाही. चढावर जोर दिला की दात्यांवरून घसरते, आणि पायाखालचा आधार एकदम गेला की माणूस दांडीवर आपटतो.

चेन चांगली असेल तर जुन्या ब्रशने थोडं रॉकेल किंवा डिग्रीझर लावून घासा, फडक्याने पुसा, तासभर पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पाच मिनिटं पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. नवखे लोक नेमकं हे पुसणंच विसरतात. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तिची कानस होते. हे करताना डिस्क ब्रेकच्या चकतीवर कापड टाकून ठेवा. तिच्यावर तेल उडालं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, मग पॅड बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

आता ब्रेक. रिमला धरणारे रबरी ब्रेक असतील तर पॅड काढून त्यांचा चेहरा बघा. पावसातल्या चिखलातली वाळू आणि रिमचे बारीक चमकते कण त्यात रुतलेले दिसतील. सुईने ते उकरून काढा, सँडपेपरचा एक हात मारा. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर नवीन पॅड बसवा. डिस्क ब्रेकचा पॅड बाहेर काढून बघितल्याशिवाय कळत नाही. लोखंडी पाठ सोडून नुसत्या घर्षणाच्या थराची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आली की तो संपला. ब्रेकची मूठ पूर्ण दाबली आणि ती हँडलला टेकली, तर तार ओढून घ्यावी लागेल किंवा हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढावी लागेल. तार असलेल्या ब्रेकमध्ये मूठ दाबल्यावर ती आळसटल्यासारखी हळू परत येत असेल तर नळीच्या आत गंज आहे. तेल घालून दोन दिवस भागेल, पण आतली तार आणि बाहेरची नळी दोन्ही बदललेल्या बऱ्या. खर्च फार नसतो आणि घुसळखांबचा उतार याच तारेच्या भरवशावर उतरायचा असतो.

टायरवर बोट फिरवत एक पूर्ण फेरा घ्या. बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतील किंवा आतला दोरा दिसत असेल तर टायर बदला. हवा आदल्या रात्री भरा, सकाळी पुन्हा तपासा. रात्रीतून बसली तर बारीक पंक्चर आहे, ते घरीच कळलेलं बरं. सत्तर किलोच्या माणसाला ३८-४० मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेचा दाब ५० ते ५५ पीएसआय, २८ मिलिमीटरला ८० च्या आसपास, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) दोन इंची टायरला ३५ ते ४०. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा पाच जास्त. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

शेवटी चाक उचलून फिरवा. ते डावी-उजवीकडे डोलत असेल किंवा चाकाची एखादी तार (स्पोक) सैल वाजत असेल तर दुकानात नेऊन चाक सरळ करून घ्या. हे काम शिकायला वेळ लागतो, फेरीच्या तोंडावर स्वतः प्रयोग करू नयेत.

सीटची उंची

गुडघेदुखीचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे खाली असलेली सीट. सायकलवर बसा, भिंतीला हात लावा, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर आणला की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. दोन-तीन मिलिमीटरच्या टप्प्याने बदला आणि हा बदल फेरीच्या दोन आठवडे आधी संपवा. दांड्यावर पेनाने खूण करून ठेवा म्हणजे गाडीवर लादताना काढलेली सीट परत त्याच जागी बसेल. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर.

सहा आठवड्यांचा सराव

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर, तिसऱ्या दिवशी लांबची फेरी: पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ३५. चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून चढ घ्या. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट, ठाणे-मुंबईकरांना येऊर. एकदा चढा, उतरा, दमसास असेल तर पुन्हा चढा. पाचव्या आठवड्यात कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोना पेठेपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. ही साधारण ५० किलोमीटरची रंगीत तालीम आहे आणि मुख्य फेरीतला एक तुकडा त्यात ओळखीचा होतो. सहाव्या आठवड्यात दोनदा दहा-दहा किलोमीटर, त्याहून जास्त काही नाही. राहून गेलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढू गेलात तर फेरीच्या दिवशी पाय जड असतात.

सरावातच गिअर शिकून घ्या. चढ समोर दिसला की तो लागण्याआधी हलका गिअर टाकायचा. चढावर पूर्ण जोर देत असताना बदलला तर चेन कडाडते, कधी उतरते. पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे मारत राहतील असा गिअर ठेवा. जड गिअर रेटत गेल्याने वेग वाढल्यासारखा वाटतो, पण मांड्या चाळीस किलोमीटरलाच संपतात.

सोबत काय घ्यायचं

आपल्याच मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिक लिव्हर, सहा पॅच आणि सोल्युशनची न फुटलेली ट्यूब, लहान पंप, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या असलेला मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायला क्विक लिंक (मागच्या गिअरच्या संख्येला जुळणारी), जुन्या टायरचा बोटभर तुकडा. हा तुकडा टायर चिरला तर आतून लावायला लागतो, नाहीतर नवी ट्यूब त्या फटीतून बाहेर फुगते. ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघा. प्रेस्टा बारीक असतो, श्रेडर मोटारसायकलसारखा जाड. पंप कोणत्या व्हॉल्व्हला चालतो तेही घरीच तपासा.

पंक्चर काढायचा सराव घरी दोनदा करा, त्यात मागचं चाक एकदा तरी हवं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा शोधा. या भागात बहुतेक वेळा बाभळीचा काटा असतो आणि तो टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका, हवा कमी असताना खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली आहे. पॅच लावताना घासून खडबडीत केलेल्या जागेवर सोल्युशन पातळ पसरा आणि चकाकी जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा. ओल्यावर पॅच लावला की तो सरकतो.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट पुढे पडल्यावर उपयोगाचं नाही. गादीच्या सायकल-चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नका, शिवणींनी कातडी सोलते. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दोन्ही लावा. पहाटे लोणावळ्यात धुकं असतं, आणि नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

पाणी आणि खाणं

ऑक्टोबर हीट नुसती ऑक्टोबरपुरती नसते, नोव्हेंबरच्या दुपारीही खिंडीत घाम निथळतो. सायकलवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या हव्यात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जाऊ द्या, तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर ते एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या पाण्यात घट्ट केलं तर मळमळतं. नुसतं साधं पाणी भराभर पीत राहिल्यानेही डोकं दुखतं आणि पोट डचमळतं, कारण घामातून गेलेलं मीठ परत येत नाही.

निघण्याआधी दीड-दोन तास पोहे किंवा उपमा, तेल कमी. चालवताना दर तासाला एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू किंवा चार खजूर. शेंगदाण्याची चिक्की लोणावळ्यात हाताशी असते, पण दाण्यातली चरबी पचायला वेळ घेते. ती तिकोना पेठेच्या विश्रांतीत खा, चढावर नको. मिसळ, वडापाव परत आल्यावर. घुसळखांब ते तिकोना पेठ या टप्प्यात दुकान उघडं मिळेलच असं धरू नका. तिकोना पेठ आणि पवनानगर इथे पाणी भरून घेता येतं.

त्या दिवशी

आदल्या रात्री फोनमध्ये या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. पाण्याकाठच्या काही वळणांवर रेंज जाते. घरी एकाला मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८.

सहाला चाक फिरलं पाहिजे. नवशिक्याचा वेग चढ-उतार धरून तासाला १२-१३ किलोमीटर पडतो. म्हणजे सायकलवर साडेपाच तास आणि थांबे दीड तास, दुपारी एकला परत. आठला निघालात तर खिंड दोन-अडीचला येते.

भुशी धरण सोडल्यावर लायन्स पॉइंटकडे चढ लागतो. इथे बोलता येईल इतक्याच दमाने चढा. पहिल्या तासात धाप लागली तर तिचा हिशेब चौथ्या तासाला चुकवावा लागतो. घुसळखांबला डावीकडे वळलं की उतार. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याने या बाजूच्या रस्त्यांच्या कडा खाल्लेल्या असतात. झाडांच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ नोव्हेंबरपर्यंत टिकतं. वेग वळणाच्या आधी कमी करा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि खाली खडी असली तर सायकल आडवी होते. ब्रेक सलग दाबूनही ठेवू नका, तापतात.

पुढे तुंग डाव्या हाताला ठेवत रस्ता पाण्याच्या कडेने वर-खाली होत जवणपर्यंत जातो. ही फेरीतली सगळ्यात देखणी वाट, इथे घाई करू नये. मात्र पोहायला उतरू नका. धरणाचा काठ गाळाचा असतो, दोन पावलांवर एकदम खोल होतो आणि दर वर्षी अशा पाण्यात माणसं बुडतात. वाडीपाशी कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

तिकोना पेठेत घड्याळ बघा. साडेअकरा वाजून गेले असतील, पाणी संपून तिथेही भरायला मिळालं नसेल किंवा कुणाच्या पायात गोळे येत असतील, तर पवनानगरहून खिंडीकडे न जाता सरळ कामशेतला उतरा. तो रस्ता सोपा आहे आणि गाडी तिथे बोलावता येते. गटात हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे ऐनवेळी कुणाला कमीपणा वाटत नाही. गट चार ते सहा जणांचा बरा. रस्ता माहीत असलेला आणि पंक्चर काढता येणारा माणूस सगळ्यात शेवटी ठेवा, पुढे नाही.

वेळेत असाल तर पवनानगरला दोन्ही बाटल्या भरून ठाकूरसईकडे निघा. दुधिवरे खिंडीचा चढ सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, बसूनच चढा. मध्ये उतरून सायकल हातात धरून चालायला हरकत नाही, पण थांबून खाली बसू नका, पाय आखडतात. खिंडीत लोहगडाकडे फाटा फुटतो, तिथे पर्यटकांच्या गाड्या अचानक वळतात. तो मागे पडला की लोणावळ्यापर्यंत बहुतेक उतारच आहे. हेल्मेटचा पट्टा सैल केला असेल तर उतरण्याआधी आवळून घ्या.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि टायरमध्ये रुतलेले काचेचे, खडीचे कण नखाने काढून टाका. ते तसेच राहिले तर पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या दारातच हवा जाते.